अर्धी शेगडी रिकामी ठेवा

कॅलेंडर काहीही म्हणो, अमेरिकेतला उन्हाळा मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. मधल्या तीन महिन्यांत शनिवारी संध्याकाळी न्यू जर्सीतल्या कुठल्याही वस्तीतून चक्कर मारा, चार घरं सोडून एका बॅकयार्डमधून धूर निघताना दिसेलच. ४ जुलैला तर सगळी गल्लीच धुरात असते. याला कुणी बार्बेक्यू म्हणतं, कुणी कुकआउट. आपली मराठी मंडळी फोनवर एवढंच सांगतात, ‘शनिवारी ग्रिल करतोय, या.’

इथे घर घेतलं की पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात ग्रिल येतंच. आणि पहिल्या पार्टीचा देखावाही ठरलेला असतो. पाहुणे झाडाखाली गप्पांत रंगलेले, यजमान मात्र चिमटा घेऊन धुरात डोळे चोळत उभा. चिकन बाहेरून काळंठिक्कर, आतून कच्चं. अशा वेळी मसाल्याला बोल लावला जातो. खरं तर मसाल्यात आपण सहसा कमी पडत नाही. कमी पडतो ते विस्तव मांडण्यात. शेगडी दिसली की ती कडेपर्यंत कोळशांनी भरायची, ही आपली सवय. बॅकयार्डमधल्या निवांत संध्याकाळचा पाया याच्या नेमका उलट आहे: कोळसे अर्ध्या भागात रचायचे आणि उरलेला अर्धा भाग रिकामा ठेवायचा. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्या रिकाम्या जागेमुळे सोप्या होतात.

त्याआधी थोडं या प्रकाराच्या कुळाबद्दल. टेक्सासच्या माणसासमोर बर्गर भाजण्याला बार्बेक्यू म्हणू नका, तो मनावर घेईल. अमेरिकेच्या दक्षिणेत बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरात मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मांस. टेक्सासचं ब्रिस्केट बारा-बारा तास चालतं, कॅरोलिनात डुकराचं मांस आणि व्हिनेगरचा आंबट रस्सा, कॅन्सस सिटीत गोडसर घट्ट सॉस, आणि कुणाचं खरं यावरून भांडणं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सासचेच. डिसेंबर १९६३ मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर लुडविग एर्हार्ड आले, तेव्हा जॉन्सननी आपल्या गावाजवळ त्यांना बार्बेक्यूचीच मेजवानी दिली. बेत नदीकाठचा होता, थंडीमुळे तो शाळेच्या जिममध्ये हलवावा लागला.

बॅकयार्डचा बार्बेक्यू मात्र या परंपरेतून थोडा आणि कारखान्यातून जास्त आला आहे. हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीत बरंच लाकूड लागे. त्यासाठी मिशिगनमधल्या आयर्न माउंटनजवळ त्यांनी लाकडाची गिरणी उभारली आणि तिथे भुसा-ढलप्यांचे ढीग साचू लागले. वाया काही घालवायचं नाही हा फोर्ड यांचा खाक्या. १९२०च्या दशकात त्या टाकाऊ लाकडाचा कोळसा करून, तो कुटून, स्टार्चने बांधून त्याच्या उशीच्या आकाराच्या वड्या पाडल्या जाऊ लागल्या. हेच ब्रिकेट. कल्पना त्यांची नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण फोर्ड यांच्याकडे विकायला दुकानं होती. मोटारींच्या शोरूममध्ये कोळशाच्या पिशव्या विकल्या जात! पुढे तो धंदा किंग्जफर्ड या नावाने चालू लागला. आज इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात ती निळी-पांढरी पिशवी मिळते.

मग दुसरं महायुद्ध संपलं, १९४७ पासून लाँग आयलंडवर लेव्हिटटाउनसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या आणि लाखो कुटुंबांना पहिल्यांदा स्वतःचं मागचं अंगण मिळालं. त्या वेळच्या शेगड्या उघड्या असत. वाऱ्याने राख उडे, पावसाने विस्तव विझे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ कामाला होते. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल बनत. १९५२ मध्ये त्यांनी त्यातला एक अर्धगोल घेऊन त्याला पाय जोडले, दुसऱ्याचं झाकण केलं, हवेसाठी झरोके पाडले. तेच आजचं काळं, गोल केटल ग्रिल. झाकणामुळे भट्टी आणि शेगडी एकाच भांड्यात आल्या, आणि अर्धी शेगडी रिकामी ठेवण्याला अर्थ आला तो इथूनच.

निखारा अन्न भाजतो ते मुख्यतः धगीने, म्हणजे त्याच्यापासून निघणाऱ्या अवरक्त किरणांनी. ही धग अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. निखाऱ्यांच्या बरोबर वर हात धरवत नाही, वीतभर बाजूला सरकवला तर सोसवतो. केटलच्या एका बाजूला निखारे रचले आणि झाकण लावलं, की निखाऱ्यांवरच्या भागात थेट, कडक भाजणी मिळते. रिकाम्या भागात खालून धग नाही, फक्त झाकणाखाली फिरणारी गरम हवा. तिथे पदार्थ जळत नाही, हळूहळू शिजतो. खालचा झरोका उघडला की हवा जाते आणि आच वाढते, बारीक केला की उतरते. झाकणाचा झरोका रिकाम्या बाजूला ठेवायचा, म्हणजे गरम हवा आणि धूर पदार्थावरून जाऊन बाहेर पडतात.

कोळसा पेटवायला लायटर फ्लुइड ओतायचा मोह टाळावा. घाई केली तर रॉकेलसारखा वास खाण्यात उतरतो, आणि पेटत्या कोळशांवर वरून फ्लुइड ओतणं तर जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा चिमनी घ्या. वीतभर रुंदीचा, मूठ असलेला पत्र्याचा डबा. खाली कागदाचे दोन बोळे, वर कोळसे. कागद पेटवला की हवा आपोआप वर खेचली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर पांढुरकी राख धरते. फुंकणी नको, पंखा नको. राख धरली की चिमनी एका बाजूला रिकामी करायची, जाळी बसवायची आणि झाकण लावून दहा मिनिटं तिला तापू द्यायची. तापल्या जाळीवर अर्धा कांदा काट्याला टोचून घासला की ती साफही होते. तारेचा ब्रश वापरत असाल तर सावध. त्याची एखादी तार निघून जाळीला चिकटते आणि घशात गेल्याने शस्त्रक्रिया कराव्या लागल्याच्या नोंदी इथल्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

आता एक चिकनची तंगडी घेऊ. मराठी घरात ती आदल्या रात्रीपासून दही, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ यांत असते. यातलं आत खोलवर शिरतं ते मुख्यतः मीठ. बाकी मसाले वरच्या पातळ थरातच राहतात, म्हणून त्यांचा ढीग करून फायदा नाही. मीठ मात्र आदल्या रात्री लागलंच पाहिजे. ग्रिलवर ठेवण्यापूर्वी जास्तीचं दही निपटून काढायचं. ओल्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूसपणा त्याच्या बराच वर, साधारण १४० अंश सेल्सिअसपासून जोमाने सुरू होतो. १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मैयार यांनी मांडलेली हीच ती क्रिया: अमिनो आम्लं आणि शर्करा तापून एकमेकांशी जुळतात, तपकिरी रंग आणि शेकडो नवे स्वाद तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे आणि ही तंगडी, तिन्हींचा सुवास एकाच कुळातला.

पण तंगडी जाड असते. थेट निखाऱ्यांवर ठेवली तर उष्णता हाडापर्यंत पोचायच्या आत बाहेरचं दही जळून जातं. म्हणून आधी ती रिकाम्या बाजूला, झाकणाखाली, अर्धा-पाऊण तास. हा वेळ यजमानाचा. या वेळात पाहुण्यांजवळ बसता येतं, सरबत पिता येतं, कुणाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला ते ऐकता येतं. झाकण सारखं उघडून बघायचं नाही. प्रत्येक वेळी आत साठलेली गरम हवा निघून जाते. हाडाला न टेकवता मधोमध थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस दिसले की चिकन सुरक्षित. तंगडी मात्र ८०च्या वर जास्त मऊ होते. मग शेवटची दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांवर, सतत उलटत. तिथे चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडून चर्रकन जळतात आणि तो धूर वर येऊन मांसाला चिकटतो. ज्याला आपण ‘कोळशाची चव’ म्हणतो ती मुख्यतः या थेंबांची चव आहे. ज्वाळा उसळली तर चिमट्याने तंगडी रिकाम्या बाजूला ओढायची, झाकण लावायचं, ज्वाळा आपोआप बसते. चरबी पेटली असताना पाणी कधीही मारायचं नाही. आग जास्त भडकते. काळं जळलेलं कौतुकाने खायचंही कारण नाही. फार तापलेल्या, करपलेल्या मांसात आरोग्याला घातक संयुगं तयार होतात. गोड बार्बेक्यू सॉस लावायचा असेल तर तोही शेवटी. साखर लगेच करपते.

आता शाकाहारी पाहुण्यांचं. श्रावण जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे अमेरिकन उन्हाळ्याच्या ऐन मध्यात, आणि पाहुण्यांत श्रावण पाळणारे असतात, जैन असतात, एरवीही शाकाहारी असतात. त्यांना ‘तुमच्यासाठी बाजूला काहीतरी केलंय’ म्हणून मायक्रोवेव्हमधली टिक्की देणं हे यजमानपण नव्हे. साधा उपाय म्हणजे क्रम: आधी भाज्या, मग मांस. घासून स्वच्छ केलेल्या जाळीवर पहिला मान शाकाहाराचा, चिमटे दोन, ताटल्या वेगळ्या. कडक पाळणाऱ्यांसाठी तर वेगळी छोटी जाळीच ठेवावी. ती महाग नसते आणि त्यांच्या मनातली शंका जाते. भाज्या संपेपर्यंत पहिल्या चिमनीची कडक आच थोडी उतरते, आणि चिकनला तेच हवं असतं.

भाज्यांमध्ये ग्रिलवर सर्वांत शोभतं ते वांगं. मोठं जांभळं वांगं, तेलाचा हात, दोन-चार टोचे, आणि सरळ निखाऱ्यांवर. साल पूर्ण काळं झालं, अंग खचलं, देठाशी रस सुटला की काढायचं. इथल्या इलेक्ट्रिक चुलीवर भरताचं वांगं भाजता येत नाही, ही परदेशातल्या मराठी बायकांची जुनी तक्रार. ग्रिल असलेल्या घरात ती संपते. कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर, दाण्याचं कूट घालून पाहुण्यांसमोरच भरीत कालवलं तर अमेरिकन शेजारीही बनबरोबर चाटूनपुसून खातात.

न्यू जर्सीत जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या शेतांवर ताजी मक्याची कणसं मिळतात. ती शक्यतो त्याच दिवशी तोडलेली घ्यावीत, कारण कणीस तोडलं की दाण्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं. नव्या जातींत हा वेग कमी आहे, तरी ताज्याची सर शिळ्याला नाही. सोललेलं कणीस निखाऱ्यांवर आठ-दहा मिनिटं फिरवायचं, मग लिंबाच्या फोडीवर मीठ-तिखट घेऊन चोळायचं. पावसाळ्यात लोणावळ्याच्या घाटात खातो तसंच. अमेरिकन पद्धत लोण्याची. दोन्ही ठेवा, पाहुणे आपापसांत भांडतील. पनीर आणि ढोबळी मिरची सळईला लावायची तर एका सळईवर एकच भाजी लावा. पनीर, कांदा, टोमॅटो एकत्र रंगीत दिसतात, पण पनीर होईपर्यंत टोमॅटो गळून पडतो.

बर्गर आणि हॉट डॉग हा मुलांचा विभाग. बीफ चालत नाही असे पाहुणे आपल्यात पुष्कळ, म्हणून चिकन किंवा टर्कीच्या खिम्याचे बर्गर बरे. हॉट डॉग कशाचे आहेत ते पाकिटावर वाचून पाहुण्यांना आधी सांगावं. खिम्याबाबत एक लक्षात ठेवायचं. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुधा वरच्या पृष्ठभागावर, पण दळताना ते सगळीकडे मिसळतात. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मते चिकन-टर्की सोडून इतर मांसाचा अखंड तुकडा ६३ अंशांना उतरवून तीन मिनिटं ठेवला तरी पुरतं, खिमा मात्र ७१ अंशांपर्यंत जायलाच हवा आणि चिकन-टर्कीचा ७४पर्यंत. बर्गर उलथन्याने दाबू नका. चर्रर्र आवाज छान येतो, पण रस निखाऱ्यांवर जातो आणि पाहुण्याच्या वाट्याला चोथा येतो.

बाकीचं सगळं थंड आणि आधी केलेलं असावं. यजमानाने त्या दिवशी एकाच ठिकाणी, ग्रिलपाशी, हात गरम करावेत. कोबीची कोशिंबीर, काकडीची पचडी, पुदिन्याची चटणी, बटाट्याचं सॅलड, दहीभात, कलिंगडाच्या फोडी. पन्हं आणि कोकम सरबत आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये. पाहुणे ‘आम्ही काय आणू?’ विचारतात तेव्हा ‘काही नको’ म्हणू नका. इथे पॉटलकची रीत आहे. एकाला बर्फ सांगा, एकाला गोड, एकाला घडीच्या खुर्च्या. नुसतं ‘काहीही आणा’ म्हटलं तर चार घरांतून चार पातेली छोले येतात.

शिजलेलं किंवा कापलेलं अन्न ४ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. जुलैतली दुपार बऱ्याचदा त्याच्या वर असते. बटाट्याच्या सॅलडमध्ये लोक मेयोनेजला दोष देतात. बाजारातलं मेयोनेज आम्लयुक्त असतं, त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. धोका उकडलेल्या, कोमट बटाट्याचा जास्त. म्हणून मोठं पातेलं टेबलावर मांडू नये. छोट्या वाडग्यात थोडं थोडं काढावं, बाकी फ्रिजमध्ये. बर्फाच्या पेट्या दोन हव्यात. पेयांची पेटी मुलं दर पाच मिनिटांनी उघडतात, कच्चं चिकन तिच्यात ठेवलं तर ते कोमट होणारच. कच्चं मांस ज्या ताटलीतून ग्रिलपाशी आलं, त्याच ताटलीत भाजलेलं परत जाऊ नये, हेही घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाच्या अंगावर टाकावं. मुलं असे नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतात.

जूनअखेर न्यू जर्सीत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. म्हणून पाहुण्यांना चारला बोलावून उन्हात भाजून काढण्यात अर्थ नाही. साडेपाचला बोलवा, सव्वापाचला चिमनी पेटवा, सातला जेवण. वाऱ्याची दिशा बघून खुर्च्या मांडा, आजी-आजोबांना सावलीतली जागा आणि पाठ टेकायची खुर्ची. डासांसाठी टेबलाजवळ मोठा पंखा लावा. डासांना वाऱ्यात नीट उडता येत नाही, आणि पंखा उदबत्तीपेक्षा बरा चालतो. शेजाऱ्यांना बोलवा. आपला धूर त्यांच्या खिडकीत जाणारच असतो. ताटही गेलं की तक्रार येत नाही.

गॅसचं ग्रिल असेल तर पेटवताना झाकण उघडं हवं, आणि मोसमात पहिल्यांदा वापरताना नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावं. गॅसवरही तीच युक्ती: एका बाजूचे बर्नर चालू, दुसऱ्या बाजूचे बंद.

अमेरिकेत ग्रिलमुळे सर्वांत जास्त आगी जुलैत लागतात. घराच्या भिंतीपासून निदान दहा फूट दूर, लोंबत्या फांद्यांखाली नाही, आणि मुलांसाठी त्याभोवती तीन फुटांची सीमा; बऱ्याच अपार्टमेंटांच्या बाल्कनीत कोळशाचं ग्रिल नियमानेच चालत नाही. अचानक वळवाचा पाऊस आला म्हणून पेटतं ग्रिल गॅरेजमध्ये ओढणं तर अजिबात नको. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि दार अर्धं उघडं असलं तरी तो जीव घेऊ शकतो. पाऊस आला तर झाकण लावून घरात या. चिकन भिजत नाही.

पाहुणे गेल्यावर दोन्ही झरोके बंद करा. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या शनिवारी चालतो. राख मात्र त्या रात्री उपसू नका. वरून थंड दिसली तरी आत दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, आणि प्लॅस्टिकच्या कचरापेटीतून घरं पेटल्याची उदाहरणं इथे आहेत. ४८ तास थांबा, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. नुसत्या लाकडी कोळशाची राख असेल तर थोडी झाडांना चालते. ब्रिकेटमध्ये इतर गोष्टी मिसळलेल्या असतात, त्यामुळे ती राख तुळशीत घालू नका.